हातात धरायच्या एक्सरे यंत्राचा फोटो वारंवार बिघडतोय? दुसऱ्यांदा बटण दाबण्याआधी हे तपासा

दातांच्या दवाखान्यांतून येणारी ही तक्रार साधारण सारखीच असते. भिंतीवरच्या यंत्राने फोटो स्वच्छ यायचे. हातात धरायचं यंत्र आल्यापासून दिवसाकाठी एक-दोन फोटो पुन्हा घ्यावे लागतात. कधी पुसट, कधी फिका, कधी कोपरा पांढरा. केबल बदलली, सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, कंपनीचा माणूस येऊन गेला. चार दिवस बरं चाललं आणि मग पुन्हा तेच. याच तक्रारीच्या जोडीला दुसरा प्रश्न हमखास येतो: हे यंत्र रोज हातात धरून आपल्याला काही होणार नाही ना?

हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात. ज्या सवयींमुळे फोटो बिघडतो, बहुतेक त्याच सवयींमुळे यंत्र धरणाऱ्याच्या अंगावर विखुरलेले किरण येतात. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर पुन्हा घेतलेला प्रत्येक फोटो म्हणजे फायदा न देता वाढलेला डोस. तोंडातल्या एका फोटोचा डोस काही मायक्रोसिव्हर्ट (मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग) इतकाच असतो आणि निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, हे खरं आहे. पण ‘डोस किरकोळ आहे’ हे फोटो पुन्हा घेण्याचं कारण होऊ शकत नाही. म्हणून पहिला नियम: फोटो बिघडला की लगेच दुसरा घ्यायचा नाही. आधी बिघडलेला फोटो मोठा करून पाहायचा आणि बिघाड कोणत्या जातीचा आहे ते ठरवायचं.

पुसट फोटो

पुसटपणा दिसला की सगळे हाताला दोष देतात. खात्री करून घ्यायची सोपी खूण अशी: फोटोत धातूचं काहीतरी शोधा, क्राउनची (दाताच्या टोपीची) कड, फिलिंग किंवा रूट कॅनलची फाइल (मुळात घालायची बारीक सुई). कड एका दिशेने दुहेरी किंवा ओढल्यासारखी दिसत असेल आणि तिच्या काटकोनातली कड धारदार असेल, तर काहीतरी हललं आहे. सगळ्याच कडा सारख्या मऊ असतील, तर हालचालीपेक्षा सेन्सर (दातामागे ठेवलेली, फोटो टिपणारी पट्टी) दातापासून लांब राहिला असण्याची किंवा सॉफ्टवेअरचा ‘स्मूद’ फिल्टर चालू असण्याची शक्यता जास्त. सेन्सरऐवजी फॉस्फर प्लेट (चित्र पुसून पुन्हा वापरायची पातळ प्लेट) वापरत असाल तर आणखी एक शक्यता असते. प्लेटवरचं जुनं चित्र नीट पुसलं गेलं नसेल तर आधीच्या रुग्णाची फिकट सावली नव्या फोटोवर उमटते आणि ती हुबेहूब हालचालीसारखी दिसते. अशा वेळी कितीही फोटो घ्या, पुसटपणा जाणार नाही. प्लेटवरचं चित्र पूर्ण पुसून घ्या.

आता हललं असेल तर नेमकं काय हललं? इथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. समजा किरणांचा उगम दातापासून २० सेंटिमीटरवर आहे आणि सेन्सर दातामागे १ सेंटिमीटरवर. फोटो निघताना यंत्र २ मिलिमीटर हललं, तर सेन्सरवरची सावली सरकते ती फक्त ०.१ मिलिमीटर. हात दिव्याच्या जवळ नसून भिंतीच्या जवळ असला की दिवा जरा हलूनही हाताची सावली स्पष्टच राहते, तोच प्रकार. याउलट रुग्णाने जीभ हलवून सेन्सर २ मिलिमीटर सरकवला, तर फोटोतली हालचाल पूर्ण २ मिलिमीटर. म्हणजे हाताच्या बारीक थरथरीपेक्षा सेन्सरची हालचाल वीसपट महाग पडते. फोटो ढोबळ पुसट असेल, दाताचा आकारच दुहेरी दिसत असेल, तर हाताला दोष देण्याआधी सेन्सरकडे बघा: होल्डर (सेन्सर धरणारी दांडी, जिच्या बाहेरच्या टोकाला रिंग असते) नीट चावलेला आहे का, केबल ओढली जात नाही ना, रुग्णाला ओकारीची उबळ तर आली नव्हती.

या हिशेबातूनच एक चूक कळते. यंत्र स्थिर राहावं म्हणून कोनचं (किरण जिथून बाहेर पडतात त्या पुढच्या नळीचं) टोक होल्डरच्या रिंगवर दाबून धरायचा सल्ला बऱ्याच जणांना मिळालेला असतो. दाबलं की हाताची सगळी थरथर रिंगमधून दांडीत, दांडीतून सेन्सरमध्ये जाते. जी हालचाल ०.१ मिलिमीटरवर थांबली असती ती पूर्णच्या पूर्ण सेन्सरला दिली गेली. रिंगला कोन फक्त जुळवायचा. टेकला तरी नुसता स्पर्श व्हावा, भार अजिबात नको.

मग हाताची थरथर नगण्य म्हणायची का? तसंही नाही. वर्किंग लेंग्थच्या, म्हणजे फाइल मुळात किती खोल गेली ते मोजायच्या फोटोत ती पकडली जाते. १० नंबरच्या फाइलचं टोक ०.१० मिलिमीटरचं, ८ नंबरचं ०.०८. सावली ०.१ मिलिमीटर सरकली तरी मुळाचा आकार छान दिसतो, हाडाची रेष दिसते आणि फाइलचं टोक मात्र शेवटच्या भागात विरघळल्यासारखं नाहीसं होतं. वरच्या दाढांमध्ये पॅरलल पद्धतीने (सेन्सर दाताला समांतर ठेवून) सेन्सर टाळूच्या मध्याकडे जातो, दातापासून २ सेंटिमीटर लांब. तिथे तीच थरथर दुप्पट दिसते. ‘बाकी फोटो चांगले येतात, वरच्या दाढेची फाइल तेवढी दिसत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे असतं. लांबीच्या फोटोसाठी शक्य असेल तर १५ नंबरची फाइल घाला. फोटोत ती खूपच खात्रीने दिसते.

हातातल्या यंत्राला थरथर जास्त भोवते याचं कारण वेळ. किरण किती जोराने निघतात ते यंत्राच्या विद्युतप्रवाहावर ठरतं. भिंतीवरचं यंत्र साधारण ७ मिलिअँपिअरवर चालतं, हातातलं बहुधा २ ते २.५ वर. जिथे ७ मिलिअँपिअरला ०.१ सेकंद पुरतो, तिथे तेवढ्याच किरणांसाठी २ मिलिअँपिअरला ०.३५ सेकंद लागतो. एवढ्या वेळात हात, श्वास आणि रुग्ण, तिघांनाही हलायला सवड मिळते. त्यामुळे वेळेचं सेटिंग ‘फिल्म’वर राहून गेलं नाही ना, हे आधी बघा. डिजिटल सेन्सरला गरज नसताना फिल्मची वेळ दिली तर डोसही वाढतो आणि हालचालही. धरताना दोन्ही हात वापरायचे, कोपर बरगड्यांना टेकवायचे, अर्धा श्वास सोडून थांबायचं आणि ट्रिगर झटका न देता दाबायचा. यंत्र छातीच्या उंचीच्या खाली येईल अशी चेअर ठेवा. दीड-दोन किलोचं यंत्र खांद्याच्या वर उचलून स्थिर धरणं कोणालाच जमत नाही. बुटक्या असिस्टंटला यंत्र वर उचलायला लावण्याऐवजी चेअर खाली घेणं हे इतकं साधं असून फार कमी ठिकाणी केलं जातं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

दोष हाताचा की बाकी कशाचा, हे रुग्णावर न शिकता तपासता येतं. काढलेल्या दातात फाइल घालून तो मेणाच्या ठोकळ्यावर बसवा आणि सेन्सर त्याच्यामागे २ सेंटिमीटरवर उभा ठेवा. हे अंतर महत्त्वाचं आहे. दात सेन्सरला चिकटवून ठेवलात तर हात कितीही हलला तरी फोटो स्वच्छच येईल आणि चाचणी फसेल. एक फोटो यंत्र स्टँडवर ठेवून, एक हातात धरून. किरण रिकाम्या भिंतीकडे जावेत, पलीकडच्या खोलीत कोणी बसलेलं नसावं, आणि अंगावर लेड एप्रन असावा, कारण इथे समोर रुग्ण नसला तरी किरण विखुरतातच. दोन्ही फोटो सारखेच पुसट आले तर दोष सेन्सरमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे. हातातलाच पुसट आला तर उपाय वर दिलाच आहे.

फिका किंवा दाणेदार फोटो

हा प्रश्न लवकर सुटतो. दाणेदार फोटो म्हणजे किरण कमी पडले. पहिलं कारण ट्रिगर. या यंत्रांत बोट उचललं की किरण तिथेच थांबतात, तशी ती मुद्दाम बनवलेली असतात. घाईत आवाज संपायच्या आत बोट सुटलं की फोटो फिका. आवाज संपेपर्यंत दाबून ठेवायचं हे असिस्टंटला एकदा नीट सांगा. दुसरं कारण बॅटरी. चांगली यंत्रं चार्ज कमी झाला की काम करणंच थांबवतात. तसं न करणाऱ्या यंत्रावर चार्ज उतरत गेला की फोटो हळूहळू फिके होत जातात आणि सकाळ-संध्याकाळच्या फोटोंत फरक दिसतो. तिसरं कारण दोन फोटोंमधली विश्रांती. यंत्राच्या पुस्तिकेत ‘ड्यूटी सायकल’ (किरण आणि विश्रांती यांच्या वेळेचं प्रमाण) १:६० लिहिली असेल, तर अर्ध्या सेकंदाच्या फोटोनंतर ३० सेकंद थांबायला हवं.

फॉस्फर प्लेटवाल्यांनी उलट बाजूची काळजी घ्यावी. तिथलं सॉफ्टवेअर उजळपणा आपोआप जुळवतं, त्यामुळे जास्त किरण दिले तरी फोटो छानच दिसतो आणि वेळ नकळत वाढवली जाते. ‘फोटो मस्त येतोय’ एवढ्यावर समाधान मानू नका. फोटोत नुकता दाणा दिसायला लागेल तिथपर्यंत वेळ कमी करत न्या आणि मग एकच पायरी वर घ्या.

कोन कट, लांबट दात, आणि इथूनच सुरक्षितता

फोटोचा कोपरा पांढरा आणि कड गोलाकार असेल तर कोन कट, म्हणजे सेन्सरचा तेवढा भाग किरणांबाहेर राहिला. दात लांबट किंवा आखूड दिसत असतील तर किरणांचा वर-खाली कल, म्हणजे उभा कोन चुकला. दोन्हींचं मूळ एकच: भिंतीवरच्या यंत्राला हात असतो, तो लावलेल्या कोनावर थांबतो. हातातलं यंत्र थांबत नाही. जुळवल्यापासून ट्रिगर दाबेपर्यंत ते थोडं थोडं खाली उतरतं. रिंगवाला होल्डर वापरला आणि दाबण्याआधी एकदा बाजूने पाहिलं की यातलं बहुतेक जातं. चौकोनी कॉलिमेटरची (किरणांचा झोत आखूड करणाऱ्या तोंडाची) धास्ती घेऊ नका. ६ सेंटिमीटर व्यासाच्या गोल कोनमधून रुग्णाच्या गालावर सुमारे २८ चौरस सेंटिमीटर जागेवर किरण पडतात, ३.५ बाय ४.५ च्या चौकोनातून १६ च्या आतच. होल्डर असेल तर चौकोनी वापरणं जमतं. होल्डर न वापरता अंदाजाने धरणाऱ्यालाच तो नकोसा होतो.

आता खरा मुद्दा. किरणांचा कोन चुकू नये म्हणून आपण यंत्र वाकवतो. रुग्ण जसा आहे तसा ठेवून स्वतः वाकतो, हात वर करतो, यंत्र खाली तिरकं धरतो. इथेच ढाल निकामी होते.

कोनच्या टोकाला जी पारदर्शक गोल तबकडी असते ती शिशाच्या अ‍ॅक्रिलिकची असते. रुग्णाच्या चेहऱ्यावरून मागे येणारे किरण ती अडवते. भिंतीवरच्या यंत्रासाठीचा जुना नियम असा की २ मीटर लांब उभं राहायचं. हातातल्या यंत्रात अंतराचं ते संरक्षण गेलं, त्या जागी ही ढाल आली. ढालीची सावली जिथपर्यंत, तिथपर्यंतच तुम्ही सुरक्षित. आणि ही सावली किती मोठी हे ढाल कुठे बसवली आहे त्यावर ठरतं. किरण चेहऱ्याच्या ४ सेंटिमीटर आतून विखुरतात असं धरा, ढालीची त्रिज्या ७.५ सेंटिमीटर, आणि तुम्ही त्या जागेपासून ५० सेंटिमीटरवर. ढाल कातडीपासून २ सेंटिमीटरवर असेल तर तुमच्या जागी सावलीची त्रिज्या ६० सेंटिमीटरच्या वर जाते. डोकं, गळा, पोट, सगळं आत. तीच ढाल मागे सरकवून कातडीपासून १५ सेंटिमीटरवर नेली तर त्रिज्या २० सेंटिमीटरवर येते. छाती झाकली जाते. डोळे, थायरॉइड आणि कमरेखालचा भाग उघडा.

ढाल मागे का सरकवली जाते? कारण तिच्यातून दिसत नाही. आणि दिसत का नाही? कारण ती रोज स्पिरिटने पुसली जाते. अल्कोहोलने अ‍ॅक्रिलिकवर बारीक तडे जातात, ती दुधी होते, रिंग दिसेनाशी होते, कोन कट वाढतात, मग कोणीतरी ढाल मागे घेतं किंवा काढूनच ठेवतं. फोटोचा दोष आणि सुरक्षिततेचा दोष एका कापसाच्या बोळ्यापासून सुरू होतो. पुस्तिकेत सांगितलेल्या द्रावणानेच पुसा, शक्यतो वर पातळ प्लास्टिकचं आवरण घाला, आणि ढाल दुधी झाली असेल तर नवी मागवा. तडा गेलेली ढाल चिकटपट्टी लावून वापरू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे रुग्णाची मान. किरण जमिनीला समांतर जातील तेव्हाच ढाल उभी राहते आणि तुमचं पूर्ण शरीर तिच्यामागे येतं. म्हणून यंत्र तिरकं करण्याऐवजी रुग्णाचं डोकं हलवा. वरच्या दातांना किरण वरून खाली द्यायचे असतील तर रुग्णाला हनुवटी छातीकडे घ्यायला सांगा. खालच्या दातांसाठी हनुवटी वर. दाताशी असलेला कोन तोच राहतो, यंत्र मात्र आडवं राहतं.

रूट कॅनलच्या मध्यात हे सर्वांत जास्त विसरलं जातं. रबर डॅम (दाताभोवती ताणलेला रबरी पडदा) लावलेला, रुग्ण पूर्ण आडवा, फाइल आत. अशा वेळी हातातलं यंत्र फार सोयीचं पडतं, रुग्णाला सोडून जावं लागत नाही. पण समोरच्या दाताचा फोटो तसाच आडव्या रुग्णावर घेतला की यंत्र जमिनीकडे रोखलेलं असतं, ढाल आडवी असते, आणि तिची सावली छताच्या दिशेला पडते. तुमची कंबर आणि पाय ढालीच्या बाजूला, उघड्यावर. चेअरची पाठ उचलून रुग्णाला बसतं करायला थोडासाच वेळ लागतो. तो द्या. ते शक्यच नसेल, म्हणजे भूल दिलेला रुग्ण असेल किंवा अंथरुणाला खिळलेला, तर लेड एप्रन आणि थायरॉइड कॉलर घालूनच यंत्र हातात घ्या.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये एप्रन आणि कॉलरची गरज नाही असं सांगितलं, ते रुग्णाबद्दल आहे. ढालीबाहेर उभं राहून यंत्र धरणाऱ्याबद्दल नाही. तुमच्या देशातला नियम वेगळा असेल तर रुग्णासाठीही तोच पाळायचा.

असिस्टंट, नातेवाईक, विद्यार्थी यांच्यासाठी ढाल नसते. ते २ मीटर मागे किंवा खोलीबाहेर. सेन्सर बोटाने धरायला कोणालाही सांगायचं नाही, स्वतःही धरायचा नाही.

बॅज वाढला तर

डोसिमीटर बॅजचा (अंगावर पडलेला डोस मोजणाऱ्या बिल्ल्याचा) आकडा अचानक वाढला की घबराट होते. आधी बॅज कुठे ठेवला जातो ते पाहा; फोटो घेण्याच्या जागेजवळ टांगलेला एप्रन आणि त्यावरच राहिलेला बॅज हे नेहमीचं कारण. तसं नसेल तर ढाल आणि मान, या दोनच गोष्टी पुन्हा तपासा. चांगल्या, ढाल असलेल्या यंत्रांवर केलेल्या मोजमापांत धरणाऱ्याचा डोस वार्षिक मर्यादेच्या, म्हणजे पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसिव्हर्टच्या, फारच खाली आढळतो. हातातलं यंत्र वापरणाऱ्याने छातीवरच्या बॅजसोबत बोटातला रिंग बॅजही घ्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण यंत्राच्या सर्वांत जवळ हातच असतो.

यंत्रच खोटं असेल तर

वरचं सगळं चांगल्या यंत्राला लागू आहे. कॅमेऱ्यासारखी दिसणारी, ढाल नसलेली, ऑनलाइन थेट मागवलेली स्वस्त यंत्रं ही वेगळीच गोष्ट आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने २०१२ मध्ये अशा अप्रमाणित यंत्रांविरुद्ध इशारा दिला होता; वॉशिंग्टन राज्याच्या आरोग्य विभागाने ऑनलाइन विकत घेतलेलं एक यंत्र तपासलं आणि ते मानकात बसलं नाही, तिथून ते प्रकरण पुढे गेलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्येही असाच इशारा दिला गेला. अशा यंत्रात आतलं शिशाचं कवच अपुरं असतं आणि किरण थेट आवरणातून गळतात. ‘१ मीटरवर गळती मर्यादेत’ असं विक्रेत्याने सांगितलं तरी समाधान मानू नका. तुमची बोटं ५ सेंटिमीटरवर असतात. उगम बिंदूसारखा धरला तर तिथे तीव्रता ४०० पट होते. गळतीची मोजणी मुठीजवळ आणि ढालीमागे करून मागा, आणि प्रमाणपत्र नसेल तर ते यंत्र वापरू नका. फोटो किती छान येतो याचा इथे काही संबंध नाही.

मुळात हे यंत्र तुमच्याकडे हवं का, हाही प्रश्न विचारायला हवा. युरोपातल्या रेडिएशन संरक्षण प्राधिकरणांच्या हर्का या संघाने २०१४ मध्ये म्हटलं की खास परिस्थिती वगळता याचा वापर टाळावा. मला ते पटतं. घरी पडून असलेला वृद्ध रुग्ण, ऑपरेशन थिएटर, खुर्चीत बसू न शकणारी व्यक्ती, दुर्गम भागातलं शिबिर, आपत्तीनंतर मृतांची ओळख पटवणं: अमेरिकेतल्या २००५ च्या कॅटरिना वादळानंतर ही यंत्रं अशाच कामाला आली. तिथे याला पर्याय नाही. पण रोज एकाच खोलीत, एकाच चेअरवर, भिंतीला जागा असताना हातातलं यंत्र वापरत असाल तर ते स्टँडवर चढवा, रिमोट बटण जोडा आणि २ मीटर मागे जा. पुसट फोटोही त्याने कमी होतील.

यंत्र हातातून पडलं, तर ते चालू होतंय म्हणून कामाला लावू नका. आतलं कवच सरकलं असेल तर ते बाहेरून दिसत नाही आणि फोटो पूर्वीसारखाच येतो. बॅटरी काढा, वर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावा, आणि गळती मोजून लेखी अहवाल हातात आल्यावरच बॅटरी परत बसवा.